टँगोकडे परतताना: आधी कान, मग पाय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराईची पुरवणी आली की तिच्यात ‘पाच दिवसांत बॉलरूम’, ‘संगीतसाठी कपल डान्स’ अशा चौकटी हटकून दिसतात. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. हौस असते, वेळ नसतो, मुहूर्त जवळ आलेला असतो, चालायचंच. पण ह्याच चौकटी वाचून आणखी एक मंडळी क्लासच्या दारात येऊन उभी राहतात. पन्नाशी-साठीतली. कधीकाळी जिमखान्यातल्या नाताळच्या कार्यक्रमात, गोव्यातल्या किंवा वसईतल्या लग्नात वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, थोडाफार टँगो केलेली. मग बदल्या, मुलं, आईवडिलांची आजारपणं यांत ते राहून गेलेलं असतं, आणि आता पुन्हा ओढ लागलेली असते. त्यांच्या हाती पडतं ते एका हिंदी गाण्यावर बसवलेलं बत्तीस काउंटांचं प्रकरण. महिन्याभरात ती कंटाळतात आणि ‘आता वय झालं’ म्हणून घरी बसतात. आमच्या मते त्यात वयाचा दोष थोडा, सुरुवात चुकल्याचा जास्त. ती कशी करावी, हे सांगण्यासाठी हे पत्र.

पहिला घोळ नावातच आहे. टँगो म्हणून दोन वेगळे नाच शिकवले जातात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची मिसळ केली जाते. मूळ टँगो दक्षिण अमेरिकेतल्या रिओ दे ला प्लाता या नदीच्या दोन काठांवरचा, एकीकडे ब्युनोस आयर्स, दुसरीकडे माँटेव्हिडिओ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या गरीब वस्त्यांत, बंदरावर उतरलेल्या परदेशी लोकांत तो घडला. २००९ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद केली, तीही अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांच्या नावे. हा नाच १९१०च्या सुमारास पॅरिसला गेला, तिथून लंडनला, आणि १९२०च्या दशकात इंग्रज नृत्यशिक्षकांनी त्याला मापात बसवलं. तो झाला बॉलरूम टँगो. गुडघे वाकलेले, मान झटक्यात वळणारी, आणि संगीतात लष्करी ढंगाचा ड्रम. अर्जेंटिनाच्या टँगोत मान झटकत नाहीत. तिथल्या पारंपरिक वाद्यवृंदात, म्हणजे ओर्केस्ता तिपिकात, ड्रम जवळपास नसतोच. बँडोनियन (आपल्या पेटीच्या कुळातलं, भात्याचं वाद्य), व्हायोलिन, पियानो आणि डबल बास, एवढ्यावरच सगळा ठेका चालतो.

गंमत अशी की दोघांच्या चालीचा वेग बराचसा एकच आहे. बॉलरूम टँगो स्पर्धेत मिनिटाला ३१ ते ३३ बार (बार म्हणजे मात्रांचा एक गट, टँगोत दोन मात्रांचा) वाजतो, म्हणजे संथ पावलं मिनिटाला साधारण बासष्ट ते सहासष्ट पडतात. जुन्या अर्जेंटिनी रेकॉर्डवर चालणाराही साठ-पासष्टच्या आसपासच असतो. म्हणून वर कोणतीही ध्वनिमुद्रिका लावली तरी ‘जमतंय’ असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. ड्रमवर शिकलेली पावलं व्हायोलिनवर टाकली की ती ठोकल्यासारखी दिसतात. बँडोनियनवर शिकलेला माणूस ड्रमवर उशिरा पोचतो. तेव्हा क्लासमध्ये नाव घालण्याआधी एवढंच विचारावं: कुठला टँगो, आणि संगीत कुणाचं? उत्तर ‘कोणतंही चालतं’ असं आलं, तर पैसे भरू नयेत.

हिंदी गाणी का चालत नाहीत, हेही सांगायला हवं, कारण त्यात तुच्छता नाही. फिल्मी गाण्यात मुखडा एका ठेक्यात असतो, मधलं संगीत दुसऱ्या, अंतऱ्यात तबला घुसतो. ऐकायला तीच तर मजा. पण पाय आठ-आठ मात्रांचं आवर्तन धरून चाललेला असतो आणि ठेका बदलला की तो पोरका होतो. इंग्लंडात ही अडचण ओळखून व्हिक्टर सिल्व्हेस्टर यांनी १९३५मध्ये खास नाचासाठी वाद्यवृंद उभा केला: पहिल्या बारपासून शेवटच्यापर्यंत लय तसूभर हलायची नाही. ऐकायला थोडं सपाट, पण शिकताना त्याला तोड नाही. गोव्याच्या लग्नात बँड वॉल्ट्झ वाजवतो तेव्हा आजोबा-आजी इतक्या सहज कसे फिरतात, याचं अर्धं उत्तर ड्रमरच्या हातात आहे. तो वेग सोडत नाही.

वेग मोजणं सोपं आहे. वॉल्ट्झचा बार तीन मात्रांचा, त्यातला फक्त ‘एक’ मोजायचा. अर्ध्या मिनिटात तो चौदा-पंधरा वेळा आला पाहिजे. मिनिटाला २८ ते ३० बार, म्हणजे ८४ ते ९० मात्रा. सोळा-सतरा येत असेल तर गाणं परत आलेल्या माणसासाठी घाईचं आहे, आणि तीस येत असेल तर तो व्हिएनीज वॉल्ट्झ, त्याच्या वाटेला सहा महिने जाऊ नये. फॉक्सट्रॉट चार मात्रांचा, तोही २८ ते ३० बारांचा. क्विकस्टेप ५० ते ५२. चा-चा-चा ३० ते ३२, रुंबा २५ ते २७. हे आकडे स्पर्धांचे आहेत, घरगुती नाचात दोन-तीन बार कमी चालतात. जास्त मात्र नाही.

आता कानाचं काम. पहिले दोन आठवडे पावलं शिकूच नयेत, असं आम्ही सांगतो तेव्हा लोक नाराज होतात. पण ज्याने भजनात टाळ धरला आहे, त्याच्याजवळ निम्मी विद्या आधीच असते. कुणी ती त्याला दाखवून दिलेली नसते इतकंच. वॉल्ट्झचा बॉक्स स्टेप सहा मात्रांचा, म्हणजे दादऱ्याचं एक अख्खं आवर्तन. धा धिं ना, धा तूं ना. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, डावा पाय पुढे, आणि खालीच्या, म्हणजे चौथ्या मात्रेवर उजवा पाय मागे. हे एकदा कानात बसलं की ‘आता कुठला पाय?’ हा प्रश्न उरत नाही. टँगोसाठी केहरवा घ्यावा. आठ मात्रा तोंडाने म्हणाव्यात आणि टाळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर द्यावी. तीन, तीन, दोन. सुरुवातीला हात अडखळतो, चौथीवरची टाळी पाचवीकडे ओढली जाते. पंधरा मिनिटांत सुधारतं. हाच तीन-तीन-दोनचा तोल पुढे अर्जेंटिनी संगीतकार आस्तोर पियाझोल्लांच्या संगीतात उघडावाघडा ऐकू येतो. जुन्या वाद्यवृंदांत तो चालीच्या आत लपलेला असतो.

ऐकायचं काय? खाली नावं आहेत ती अर्जेंटिनाच्या टँगो वाद्यवृंदांच्या प्रमुखांची. कार्लोस दी सार्ली यांच्या १९५०च्या दशकातल्या, गायनाविना असलेल्या रेकॉर्ड चालण्यासाठी सर्वांत सोयीच्या. १९५७ची ‘बाइया ब्लांका’ घ्या. पियानोचा डावा हात पावलाआधी किंचित घरंगळत येतो आणि मात्रेवर टेकतो. त्यानंतर हुआन दारिएन्सो. त्यांना ‘ठेक्याचा राजा’ म्हणत ते उगाच नाही. १९३५च्या अखेरीस रोदोल्फो बियाजी पियानोवर आले आणि वाद्यवृंद असा टोकदार वाजू लागला की बसलेली माणसं उठून नाचू लागली. आनिबाल त्रोइलो मग. ओस्वाल्दो पुग्लिएसे सर्वांत शेवटी, कारण त्यांची लय श्वासासारखी फुगते आणि आकसते, तिच्यावर नवखा माणूस हमखास सांडतो. (हे पुग्लिएसे कम्युनिस्ट. ते तुरुंगात असले की त्यांचे वादक त्यांच्याविनाच कार्यक्रम करत आणि पियानोवर एक लाल फूल ठेवत.) पियाझोल्ला ऐकावेत, जरूर ऐकावेत, पण त्यांच्यावर नाचायला सुरुवात करू नये. ते स्वतः तरुणपणी त्रोइलोंच्या वाद्यवृंदात बँडोनियन वाजवत. पुढे त्यांनी जे लिहिलं ते बसून ऐकणाऱ्यांसाठी.

बँडोनियनबद्दल चार ओळी जास्त लिहितो, कारण आपल्याकडच्या वाचकाला हे वाद्य चटकन कळेल. ते आपल्या पेटीच्या कुळातलं. हवा आणि धातूच्या सुरपट्ट्या, तत्त्व तेच. जर्मनीत क्रेफेल्डच्या हाइनरिश बांड यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं आणि पुढे सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्डच्या आल्फ्रेड आर्नोल्ड कारखान्यातली वाद्यं ब्युनोस आयर्सच्या वादकांनी डोक्यावर घेतली. आपल्या पेटीत एक हात भात्यावर जातो, वाजवायला एकच उरतो. इथे भाता मध्ये आणि दोन्ही हात दोन बाजूंच्या बटणांवर. बटणं ७१, प्रत्येक बटणाला सप्तकाच्या अंतरावरचे दोन सूर, आणि भाता उघडताना एक स्वर तर मिटताना दुसरा. म्हणून आवाजांची मोजणी १४२ अशी करतात. वादकाला जणू चार वेगवेगळे कीबोर्ड पाठ करावे लागतात. बरेचसे वादक उघडतानाच वाजवतात आणि हवेची झडप दाबून भाता झर्रकन मिटून घेतात. ऐकताना ती मिटण्याची ‘हुस्स’ कानावर येते. नाचणाऱ्याने नेमकं हेच ऐकायचं: ठोक्याच्या आधी हवा गोळा होते, सूर खालून ओढल्यासारखा येतो, मग मात्रा पडते. ह्या ओढीला तिकडे आर्रास्त्रे म्हणतात. आपल्या कानाला ती आखूड मींडच. पाऊल मात्रेवर पडायचं असेल तर शरीर ह्या ओढीबरोबर निघालं पाहिजे. मात्रा ऐकून मग निघणारा माणूस कायम पाव मात्रा मागे असतो, आणि त्याला वाटतं आपले पाय जड झाले.

पाय आता. वॉल्ट्झचा बॉक्स सर्वांना ‘येत’ असतो: डावा पुढे, उजवा बाजूला, डावा जवळ, उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जवळ. चूक होते ती तिसऱ्या मात्रेवर. पाय जवळ आणतात, पण त्याच्यावर वजन देत नाहीत, नुसता टेकवतात. मग पुढच्या पावलाला जो पाय मोकळा हवा तोच अडकलेला असतो आणि माणूस एक छोटी उडी मारून पाय बदलतो. ही उडी दिसली की समजावं तिसरी मात्रा कच्ची. उपाय: भिंतीला एक बोट लावून उभं राहावं, ‘तीन’ म्हणताच दुसरा पाय जमिनीपासून इंचभर उचलता येतो का पाहावं. उंच होणं आणि उतरणं हे त्यानंतरचं. पहिल्या मात्रेच्या शेवटी चढायला सुरुवात, दुसरी-तिसरीत वर, तिसरीच्या शेवटी गुडघ्यातून खाली. पहिल्याच मात्रेवर टाचा उचलणाऱ्याचा वॉल्ट्झ होडीसारखा न डोलता बेडकासारखा उडतो.

बॉलरूम टँगोत बरोबर उलटं. चढउतार मुळीच नाही. घरातल्या दाराची चौकट नेहमीपेक्षा दोन बोटं खाली आली आहे आणि डोकं लागू द्यायचं नाही, असं समजून चालावं. सामाजिक नाचातला सर्वांत कामाचा आकृतिबंध पाच पावलांचा, आठ मात्रांचा: संथ, संथ, जलद, जलद, संथ. केहरव्याच्या पहिल्या मात्रेवर डावा पुढे, तिसरीवर उजवा पुढे, पाचवीवर डावा पुढे, सहावीवर उजवा बाजूला, सातवीवर डावा ओढत उजव्याजवळ आणायचा आणि आठवी मात्रा तशीच जाऊ द्यायची. बाईची पावलं आरशातली, उजव्याने मागे. इथे शेवटच्या पायावर वजन द्यायचं नाही. वॉल्ट्झमध्ये दिलं नाही तर फसतं, टँगोत दिलं तर फसतं. वॉल्ट्झ पक्का असलेला माणूस टँगोच्या दुसऱ्या फेरीत हमखास चुकीच्या पायावर असतो, त्याचं कारण हेच. सवय चांगली असते, जागा चुकीची असते.

उभं राहण्याची गोष्ट इतकी साधी की कुणी शिकवत नाही. जोडीदारासमोर नाक-नाकाला लावून उभं राहायचं नसतं. दोघांनीही आपापल्या डावीकडे थोडं सरकायचं, म्हणजे आपला उजवा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मधोमध जातो. सरकला नाहीत तर गुडघे आपटतात, मग दोघंही मागे झुकतात, मग खाली पाहतात. डोकं चार-साडेचार किलोचं असतं. ते पुढे गेलं की सगळा तोल जोडीदाराच्या हातावर येतो, आणि पंधरा मिनिटांत तिचा खांदा भरून येतो. पुरुषाचा उजवा तळवा बाईच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली, बोटं मिटलेली, कंबरेवर नव्हे. फिल्ममध्ये कंबरेवर दिसतो, कारण तिथे कॅमेऱ्याला दिसावं लागतं.

अर्जेंटिनाच्या मिठीची रचना वेगळी. बॉलरूममध्ये वरची शरीरं एकमेकांपासून दूर फुललेली असतात. तिथे छात्या जवळ आणि पाय लांब, दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करावेत तसं. आपल्याकडे अनेकांना हे जवळपण अवघड वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मधे वीतभर अंतर ठेवून, दंडांना धरून सगळं शिकता येतं आणि तिकडेही तसं नाचतात. अंतर ठेवलं तरी नेतृत्व छातीतूनच करायचं. हाताने ओढणारा पुरुष ओळखायचा कसा? त्याचा डावा कोपर त्याच्या स्वतःच्या पाठीमागे गेलेला असतो.

आठ पावलांचा ‘बेसिक’ बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी देतात. पुरुषाचा उजवा मागे, डावा बाजूला, उजवा पुढे तिच्या बाहेरून, डावा पुढे, उजवा जवळ (इथे बाई डावा पाय उजव्यावरून ओलांडून ठेवते, त्याला क्रुसादा म्हणतात), डावा पुढे, उजवा बाजूला, डावा जवळ. शिकवायला सोयीचा आहे हे खरं. पण पहिलंच पाऊल मागे आहे, आणि टँगोत सगळी जोडपी घड्याळाच्या काट्याविरुद्ध, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट, एकामागून एक फिरत असतात. मागून येणाऱ्या जोडीवर आपण पाठीने जाऊन आदळतो. म्हणून पहिलं पाऊल गाळावं, दुसऱ्यापासून सुरू करावं. बाईने पाचव्या पावलाची पाठांतरातून वाट पाहू नये. पुरुषाची छाती तिच्या डावीकडून सरळ होते तेव्हाच ओलांडायचं, नाही झाली तर नाही. पाठ केलेला क्रुसादा ही परतणाऱ्या बायकांची सर्वांत चिवट सवय आहे, आणि तिचा दोष त्यांच्याकडे नसून त्यांना आकडे म्हणून दाखवणाऱ्या शिक्षकांकडे आहे.

ओचो, म्हणजे इंग्रजी आठासारखं वळण, हे गुडघ्यांच्या दृष्टीने जोखमीचं. क्रम असा: वजन पूर्ण एका पायावर, मग छाती वळते, तिच्यामागून कंबर, सर्वांत शेवटी चवड्यावर पाय. वजन दोन पायांत वाटलेलं असताना वळलं, किंवा टाचेवर वळलं, तर पीळ गुडघ्यात जातो. आणि तळ रबराचा असेल तर पाऊल जमिनीला चिकटून राहतं आणि फक्त गुडघा वळतो. व्यायामाचे बूट घालून ओचो करू नये, एवढी एक गोष्ट ह्या पत्रातून कुणी लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं.

मग घालायचं काय? बाहेरची महागडी पादत्राणं लागत नाहीत. पट्ट्याचे किंवा नाडीचे, टाच घट्ट धरणारे जुने चामडी बूट मोच्याकडे न्यावेत आणि तळाला स्वेडचा, म्हणजे चामड्याच्या खरखरीत बाजूचा, पातळ थर चिकटवून घ्यावा. चपला नकोत, कोल्हापुरी तर नकोच. मागे पट्टा नसल्यामुळे मागे जाताना निसटते. बायकांनी दीड-दोन इंचांपेक्षा उंच टाच सुरुवातीला घेऊ नये. स्वेड घासला जाऊन गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने एकाच दिशेने घासायचा. पावसाळ्यात तेच बूट घालून रिक्षातून उतरलात तर तळ भिजतो, वाळला की कडक होतो आणि पुढच्या वेळी बर्फावर उभं असल्यासारखं वाटतं. बूट पिशवीतून न्यावेत. कुणी उत्साहाने फरशीवर टाल्कम किंवा कॅरमची पावडर शिंपडतो, त्याला थांबवावं. पावडर सारखी पसरत नाही. एका फरशीवर पाय सरकतो, दुसरीवर अडतो, आणि पडतो तो तिसराच.

जमीन हा आपल्याकडचा खरा अडसर. बहुतेक हॉल काँक्रीटवर टाइल्स लावलेले. ती जमीन दबत नाही, धक्का नडगीत आणि गुडघ्यात परत येतो. लाकडी, खाली पोकळी असलेली जमीन मिळाली तर उत्तम. नाही तर टाइल्सवर सलग पाऊण तासापेक्षा जास्त नाचू नये, जिव्हसारखे उड्यांचे नाच टाळावेत, टँगो आणि फॉक्सट्रॉटला प्राधान्य द्यावं, त्यांत पाय जमिनीलगत राहतो. घरी सराव करायला दहा फूट बाय आठ फूट पुरतं. सतरंजी मात्र गुंडाळून ठेवायची.

साडीबद्दल विचारणा होते. पाचवारीत मागे लांब पाऊल टाकता येत नाही आणि काठ पुरुषाच्या चवड्याखाली येतो. पंजाबी ड्रेस बरा. नऊवारी मात्र, काष्ट्यामुळे, चक्क सोयीची असते. कुणी धीर केला तर आम्हाला बघायला आवडेल.

नाचायला बोलावण्याची तिकडची पद्धत आपल्या स्वभावाला साजेशी आहे, म्हणून सांगतो. पुरुष उठून टेबलापाशी जात नाही. लांबून नजर मिळवायची, मान किंचित हलवायची. पलीकडून मान हलली तर दोघांनी उठायचं, नजर वळली तर काही घडलंच नाही. नकार कुणाला दिसत नाही. संगीत तीन-चार तुकड्यांच्या गुच्छात वाजतं, त्याला तांदा म्हणतात. मधे भलतंच काहीतरी वाजवतात तो पडदा, कोर्तिना, म्हणजे जोड्या बदलायची वेळ. एकदा उठलात की तो गुच्छ संपेपर्यंत त्याच जोडीदाराबरोबर. प्रत्येक टँगोच्या शेवटी दोन ठोके असतात, चान-चान. ते येत आहेत हे आधी कळणं ही कान तयार झाल्याची खूण. रिकार्दो तान्तुरी मुद्दाम दुसरा ठोका लांबवतात, तिथे निम्मे नाचणारे आधीच थांबून हसत उभे असतात. रात्रीचा शेवट परंपरेने ‘ला कुंपार्सिता’ने होतो. ती हेरार्दो मातोस रोद्रिगेस या माँटेव्हिडिओच्या विद्यार्थ्याने विशीच्या आत रचली, कार्निव्हलच्या मिरवणुकीची चाल म्हणून.

आणि वयाचं म्हणाल, तर टँगो स्वतःच एकदा हरवून सापडलेला आहे. १९५५च्या लष्करी उठावानंतर अर्जेंटिनात मोठे नृत्यसमारंभ ओसरले, तरुण पिढी रॉककडे वळली आणि तीस वर्षं हा नाच मूठभर जुन्या लोकांत उरला. १९८३मध्ये पॅरिसमध्ये ‘टँगो आर्खेन्तिनो’ हा कार्यक्रम झाला, १९८५मध्ये तो ब्रॉडवेवर पोचला आणि जगभर पुन्हा वेड पसरलं. त्यातले नर्तक सडपातळ तरुण नव्हते. विरुलाझो या नावाने ओळखला जाणारा त्यातला एक नर्तक पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला भारदस्त गृहस्थ होता, आणि प्रेक्षक त्याच्या चालण्यावर जीव टाकत. चालण्यावर, हं, गिरक्यांवर नव्हे. जुन्या काळी तिथले तरुण पुरुष आधी पुरुषांबरोबर सराव करत, त्यातही पहिले काही महिने फॉलो करायला शिकत, मगच लीड. हे आपल्याकडे का करू नये? नवरा-बायको दोघं येतात तेव्हा सरावात एक गाणं भूमिका उलट करून नाचावं. बायकोला मागे चालवताना आपण तिला किती ढकलतो, हे नवऱ्याला त्या तीन मिनिटांत कळतं. भांडणंही निम्मी होतात, असा क्लासमधला सर्वसाधारण अनुभव.

नाच औषध म्हणून विकणाऱ्यांपासून थोडं सावध राहावं. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांवर झालेला आणि २००३मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सारखा दाखवला जातो. त्यात शारीरिक हालचालींपैकी नाचाचा स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध आढळला होता, हे बरोबर. पण ज्यांची स्मृती शाबूत त्यांनाच नाचावंसं वाटतं, असंही असू शकतं. चक्कर येणाऱ्यांनी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारून यावं आणि गिरक्या सोडून द्याव्यात. नुसत्या चालण्यातही टँगो पुष्कळ आहे.

आता आपल्याकडे मागणं. आपल्या ‘शहरात आज’ सदरात नृत्यवर्गांच्या सूचना येतात. त्यांत तीन गोष्टी छापायची अट घालता येईल का: टँगो असेल तर बॉलरूमचा की अर्जेंटिनाचा, जमीन लाकडी की टाइल्सची, आणि एकट्या माणसाने आलं तर चालतं का. तिसरी गोष्ट आम्ही मुद्दाम घातली आहे, कारण परतणाऱ्यांत जोडीदार गमावलेले पुष्कळ असतात आणि ‘कपल्स ओन्ली’ वाचून ते फोनही करत नाहीत. दुसरी विनंती पालिकेला, आपल्यामार्फत. नाट्यगृहांच्या तालमीच्या खोल्या, जिथे लाकडी जमीन आहे त्या, सकाळी बऱ्याचदा बंद असतात. त्या तासाच्या दराने, ज्येष्ठांच्या गटांना, आठवड्यातून दोन सकाळी द्याव्यात. स्पीकर आम्ही आणू. बूट बाहेरचे घालून कुणी आत येणार नाही, याचीही हमी आमची.

आपले,
बॉलरूम आणि टँगो शिकवणारे दोघे,
माहीम, मुंबई